हिरव्या ठिपक्यांमागचं टायमिंग

धाकट्या दिराने चारचौघांसमोर स्वतःच्या हाताने एक इंजिन फिरवावं, एवढंच मला हवं होतं. त्यासाठी मी पाच-सहा वर्षं थांबले. इतका काळ राग धरून ठेवणं प्रकृतीला बरं नाही, असं मला अनेकांनी सांगितलं. माझी प्रकृती उत्तम आहे.

सांगलीत मार्केट यार्डाकडे जाणाऱ्या रस्त्यावर सासऱ्यांचं ट्रॅक्टरच्या इंजिनकामाचं गॅरेज. पुढे गॅरेज, मागे घर. मी रहिमतपूरची. लग्न होऊन आले तेव्हा मला ट्रॅक्टर चालवता येत होता, उघडता येत नव्हता. सासऱ्यांची बोटं संधिवाताने आखडली आणि व्हॉल्व घासायला माणूस मिळेना, तेव्हा त्यांनी मला बसवलं. व्हॉल्व म्हणजे इंजिनच्या डोक्यातली झाकणं. एक आत हवा घेणारं, एक धूर बाहेर सोडणारं. ती आपापल्या जागी इतकी घट्ट बसावी लागतात की फट राहता कामा नये. त्यासाठी बारीक पेस्ट लावून ती तासन्‌तास तळव्यांत घुसळायची. पाट्यावर वाटण वाटलेल्या हाताला हे जड नाही. मला जमलं. हळूहळू हेड म्हणजे ते डोकं, टॅपेट म्हणजे झाकणं दाबणारे खटके, टायमिंग म्हणजे झाकणं उघडायची वेळ, सगळंच जमलं. नवरा आणि मी एका इंजिनवर दोन बाजूंनी काम करायचो आणि फारसं बोलायचो नाही. तो आजारपणात गेला तेव्हा गॅरेजमध्ये मी, धाकटा दीर आणि दोन कामगार उरलो. सासरे त्याच्या आधीच गेले होते.

सासऱ्यांचं एक वाक्य मला कायम उपयोगी पडलं. ते म्हणायचे, ताकद येती कुठनं ते सगळे बघतात, धूर जातो कसा ते कुणी बघत नाही.

धूर कसा जातो ते मी कुकरवरून समजून घेतलं. इंजिनमध्ये डिझेल जळतं, त्या जोराने पिस्टन खाली ढकलला जातो. ही झाली कमाई. नंतर तोच पिस्टन वर येतो आणि जळका वायू बाहेर लोटतो. आता धुराचं दार, म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व, कधी उघडायचं? पिस्टन पार तळाला पोचल्यावर, असं कुणालाही वाटेल. चूक. ते थोडं आधी उघडायचं, पिस्टन अजून खाली जात असतानाच. तेव्हा आत दाब असतो. कुकरची शिट्टी उचलली की वाफ जशी आपल्याच जोराने निघून जाते, तसा बराचसा वायू स्वतःच पळतो आणि पिस्टनला वर येताना उरलेलं थोडंसंच झाडून काढायचं राहतं. दार उशिरा उघडलं तर वायू आत कोंडून राहतो आणि पिस्टनला तो आपल्या ताकदीने रेटावा लागतो. खाली जाताना कमावलेलं वर येताना घालवायचं. शिवाय जुना धूर पुरता गेला नाही की नवी हवा पुरती येत नाही, डिझेल नीट जळत नाही, आणि ट्रॅक्टर काळा धूर ओकतो. दार फार लवकर उघडलं तरी नुकसानच. जोर कामाला लागायच्या आत पाइपातून वाया जातो. म्हणून सगळा खेळ वेळेचा.

ही वेळ ठरते पुढच्या झाकणाआडच्या दातेरी चाकांवर. खाली क्रँकचं चाक, वर कॅमचं, आणि त्या दोघांना जोडणारं मधलं. तिन्हींवर कंपनीने खुणा केलेल्या असतात. बसवताना खुणेला खूण भिडवायची. कॅम व्हॉल्व उघडतो, क्रँक पिस्टन हलवतो, खुणा जुळल्या की दोघांची वेळ जुळली. पण मधल्या चाकाच्या दातांचा हिशेब असा असतो की इंजिन एकदा फिरलं की खुणा एकमेकींपासून पांगतात आणि पुष्कळ फेरे झाल्यावरच पुन्हा एकत्र येतात. मधल्या काळात त्या जुळलेल्या दिसत नाहीत. टायमिंग मात्र बरोबरच असतं. चाकं एकमेकांत अडकलेली आहेत, दात कुठे पळून जात नाहीत.

हे मला ठाऊक होतं. दिराला नव्हतं.

दीर वाईट मेकॅनिक नव्हता. हात चलाख, तोंड त्याहून चलाख. काम पूर्ण झालं की तो बोल्टांवर हिरव्या ऑइलपेंटचा एकेक ठिपका द्यायचा. म्हणजे दुसऱ्या कुणी उघडलं तर रंग फुटणार आणि मग गॅरेज जबाबदार नाही. ती त्याचीच युक्ती. चांगली होती. पुढे ती माझ्या फार कामी आली.

ज्या ट्रॅक्टरची ही गोष्ट, तो एका निवृत्त फौजीचा. उसाची जमीन, घरातली दोन माणसं अजून सैन्यात. सगळा परिसर त्यांना मेजर म्हणतो, म्हणून मीही म्हणते. खरा हुद्दा मी विचारला नाही. त्यांचं इंजिन मी पूर्ण उघडून बांधलं होतं. ऊस ओढण्याचा एक अख्खा हंगाम ते तक्रारीशिवाय चाललं. मग पुढच्या बाजूने ऑइल गळायला लागलं. सील बदलायचं साधं काम. दिराने पुढचं झाकण काढलं, आत बघितलं आणि कंदील लागल्यासारखा त्याचा चेहरा उजळला. खुणा जुळलेल्या नव्हत्या.

त्याने मेजरना बोलावलं. कामगारांना बोलावलं. घरातून आत्यांना, म्हणजे माझ्या सासूबाईंना बोलावलं. शेजारच्या टायरवाल्यालाही. आणि बोट लावून दाखवलं की वहिनींनी टायमिंग चुकवलंय.

मी म्हणाले, "फिरवा. फिरवलं की जुळतील."

दीर हसला. "वहिनी, खुणा म्हंजे काय जत्रंतला पाळणा हाय व्हय, फिरवला की पुन्यांदा खाली यायला?"

सगळे हसले. टायरवाला जरा जास्तच. मी मेजरना विचारलं की टायमिंग चुकलं असतं तर हंगाम कसा निघाला. मेजर विचारात पडले आणि म्हणाले, आता बोलताय म्हणून आठवतं, चढाला गाडी थोडी दमत होती खरी. माणसाला जे सांगावं ते आठवतं. मी क्रँक फिरवायला पाना उचलला तर दिराने तो हातातून घेतला आणि म्हणाला, आता हात लावायचा नाही. आणि सगळ्यांच्या देखत त्याने मधलं चाक ओढून बाहेर काढलं. झालं. चाक बाहेर आलं की पुरावा संपला. मग कितीही फिरवा.

त्याने खुणा जुळवून चाक परत बसवलं. बसवताना तो बोलत होता. सासऱ्यांनी किती शिकवलं, दादा होता तोवर कसं चालून गेलं, बाईमाणसाला एवढं जड काम द्यायला नको होतं हे आपलंच चुकलं, वगैरे. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. हाताकडे बघायला हवं होतं.

त्या दिवसापासून मला सुटे भाग धुवायला बसवलं. डिझेलचा ट्रे, ब्रश, आणि कोपरा. हेडला हात नाही, टॅपेटला नाही. आत्या बघून आत निघून गेल्या. हंगामाच्या तोंडावर मी रहिमतपूरला निघून आले. भावाची रस्त्याकडेला पत्र्याची शेड होती, ती झाडून घेतली आणि पाने मांडले.

गिऱ्हाईक आलं नाही. म्हणजे पाण्याची इंजिनं आली, मळणीयंत्रं आली. ट्रॅक्टर आला नाही. कारण मेजर. त्यांचा ट्रॅक्टर ते सील बदलून नेल्यापासूनच बिघडला होता. ओढेना, काळा धूर सोडी, तापे. दिराने त्यांना सांगितलं की वहिनीच्या चुकीच्या टायमिंगवर हंगामभर पळाल्याने इंजिन आतून गेलंय. आणि मेजर जिथे जातील तिथे हे सांगत. लग्नात, साखर कारखान्याच्या रांगेत, माजी सैनिकांच्या बैठकीत. खोटं बोलणारा माणूस नाही तो. म्हणूनच त्यांचं सगळ्यांना पटलं.

कोरेगावचा एक शेतकरी एकदा ट्रॅक्टर घेऊन आला. मी हेड उतरवलं आणि त्याला फोन आला. तो बाजूला जाऊन बोलला, परत आला आणि खाली बघत म्हणाला, ताई, राहू द्या. उतरवलेलं हेड, नट, पुशरॉड, सगळं पोत्यात भरून ट्रॉलीत टाकलं आणि दुसऱ्या ट्रॅक्टरला बांधून घेऊन गेला. मी पोतं धरून भरायला मदत केली. माझं नाव त्या पोत्यातून चाललं होतं.

दोन उन्हाळे असे गेले. मग भावजयीच्या माहेरी लग्न निघालं, जतच्या बाजूला. तिकडे तेव्हा टँकर सुरू होते. वऱ्हाडाची जीप एका चढावर थांबली, कारण पुढे एक ट्रॅक्टर पाण्याचा टँकर ओढत रस्त्याच्या मधोमध रडतखडत चालला होता. मी आवाज ऐकला आणि जीपमधून उतरले.

इंजिनचा आवाज म्हणजे प्रत्येक वेळी धुराचं दार उघडण्याचा आवाज. वेळेवर उघडलं की ठोका स्वच्छ असतो. लवकर उघडलं तर फटाक्यासारखा कडक फुटतो. हा ठोका तसा नव्हता. बंद दाराआडून कुणी खोकावं तसा दबका, मागून ओढल्यासारखा होता. चढ संपेपर्यंत मी साडीचा पदर नाकाला लावून त्याच्या बाजूने चालत गेले. वर जाऊन चालकाने पाणी घालायला ट्रॅक्टर थांबवला. तो मेजरचा होता, उन्हाळ्यापुरता टँकरच्या कामाला लावलेला.

चालकाला मी कोण ते माहीत नव्हतं. त्याने मोकळेपणाने सगळं सांगितलं. सायलेन्सर काजळीने तुंबलाय म्हणून सांगलीच्या मिस्त्रीने आधी तो साफ केला. मग कापून सरळ पाइप लावला. आवाज वाढला, ओढ वाढली नाही. डिझेल फवारणारे नोझल बदलले. पंप उतरवून तपासला. "त्या सांगलीच्या बाईनं वाट लावली बघा इंजनाची," तो म्हणाला. मी म्हणाले, असेल. आणि पुढच्या झाकणाकडे बघितलं. बोल्टांवर हिरवे ठिपके. सगळे शाबूत.

उरलेलं लग्न मला आठवत नाही. मी डोक्यात हिशेब करत होते. सायलेन्सरच काढून टाकलाय, म्हणजे पाइपात दाब अडायला जागाच नाही. तरी इंजिन दमतंय. म्हणजे दाब पाइपात नाही, आत आहे. दार उशिरा उघडतंय. दार उशिरा उघडतं ते कॅम मागे पडल्याने, आणि कॅम मागे पडतो तो चाक बसवताना दात सरकल्याने. त्या चाकांचे दात तिरके असतात. आत ढकलताना चाक स्वतःभोवती किंचित वळतं आणि शेजारचं एक दाताने घसरू शकतं. ढकलल्यावर पुन्हा बघायचं असतं. दिराने बघितलं नव्हतं. तो बोलत होता.

त्याने मुद्दाम केलं का, असं मला भावाने विचारलं. नाही. मुद्दाम करायला त्याला एवढं कळतच नाही.

घरी आल्यावर मी शेडमधलं एक जुनं इंजिन घेतलं, त्याच जातीचं. मॅनिफोल्डला, म्हणजे इंजिनचा धूर जिथून पाइपात शिरतो तिथे, भोक पाडून दाबाचा काटा बसवला. टायमिंग बरोबर ठेवून चालवलं. मग एक दात लवकर. तडतडाट, पाइपाच्या तोंडाशी ठिणगी, ओढ कमी. मग एक दात उशिरा. तोच जतच्या चढावरचा खोकला, तोच काळा धूर. आणि पाइपावरचा काटा जवळजवळ होता तिथेच. मग तोंडावर पत्रा धरून पाइप मुद्दाम तुंबवला. तेव्हा कुठे काटा उड्या मारायला लागला. दोन्ही रोगांत इंजिन सारखंच दमतं, धूर सारखाच येतो. फरक काटा सांगतो. सांगलीत कुणी काटा लावला नव्हता, लगेच करवत काढली होती. वर्षभर सवड मिळेल तसं मी ते इंजिन बिघडवत आणि सुधारत राहिले. मला शंका म्हणून उरू द्यायची नव्हती.

पुढे मेजरनी नवा ट्रॅक्टर घेतला आणि जुना गोठ्यात उभा केला. विकायला काढला तेव्हा माझ्या भावाने घेतला, कडबाकुट्टीला लावायचा म्हणून. भाऊ मेजरच्या ओळखीचा नव्हता. ट्रॅक्टर माझ्या शेडमध्ये आला. मी पुढच्या झाकणावर पोतं बांधलं आणि कुणाला हात लावू दिला नाही. मीही लावला नाही. उघडला असता तर मला कळलं असतं, पण मला आधीच कळलेलं होतं.

आता सासऱ्यांचा एक नियम सांगायला हवा. खंडेनवमीला गॅरेजमधली सगळी हत्यारं धुऊन पुसून पाटावर मांडायची, हळदकुंकू, झेंडू. त्या दिवशी पान्याला काम नाही. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, हत्यारं उठवायची. आणि त्या सकाळी दारात जे पहिलं इंजिन येईल ते परत पाठवायचं नाही. कुणाचंही असो, कसंही असो. त्याचा पहिला नट मालकाने स्वतःच्या हाताने खोलायचा आणि काम पुरं करून द्यायचं. गिऱ्हाईकं पेढ्यांना जमलेली असतात, त्यांच्यादेखत. सासरे होते तोवर पहिलं इंजिन आधीच ठरवलेलं असे, एखाद्या चांगल्या गिऱ्हाइकाचं. दिरानेही तेच चालू ठेवलं होतं.

त्या दसऱ्याला मी ट्रॅक्टर ट्रेलरवर चढवला, ट्रेलर भाड्याच्या ट्रकमागे जोडला आणि पहाटेच सांगली गाठली. ठरलेलं इंजिन यायच्या आत माझं दारात उभं होतं.

आत्या खुर्चीत बसल्या होत्या, मांडीवर आरतीचं ताट. मला बघून म्हणाल्या, "आलीस व्हय?" मी पाया पडले आणि म्हणाले, गिऱ्हाईक म्हणून आलेय. दीर नव्या पांढऱ्या शर्टात बाहेर आला. ट्रॅक्टर बघून त्याला हसावं की नाही ते कळेना. म्हणाला, सणाच्या दिवशी भंगार कशाला आणलं, चहा घ्या, हे नंतर बघू. मी म्हणाले, मामंजींचा नियम आहे. तो आत्यांकडे वळला. आत्यांनी ताट खाली ठेवलं.

"माघारी धाडायचं न्हाई. तुझ्या बापाचा शबुद हाय त्यो."

तोवर गिऱ्हाईकं जमली होती. मेजरही आले. दर दसऱ्याला येतात. त्यांनी ट्रॅक्टर ओळखला, मला ओळखलं, आणि कडबाकुट्टीचं काय झालं ते त्यांच्या लक्षात आलं. फौजी माणूस, जागचा हलला नाही.

दिराने तक्रार विचारली. मी म्हणाले, ओढत नाही. त्याने सवयीने सायलेन्सरकडे बघितलं. सायलेन्सर नव्हताच, त्यानेच कापला होता. मागे कुणीतरी खुदकन हसलं. मी म्हणाले, पुढचं झाकण काढा. आणि पोतं सोडलं.

"मेजर, हा हिरवा रंग कुणाचा?"

"ह्येचाच."

"त्यानंतर कुणी उघडलं?"

"कुनी न्हाई. मी उघडूच दिलं न्हाई कुनाला."

दिराला अजून काही कळलं नव्हतं. त्याने खंडेनवमीच्या कुंकवाचा पाना घेतला, रंग फोडला, पहिला नट काढला, टाळ्या झाल्या. झाकण निघालं. मेजर वाकले. खुणा कशा बघायच्या ते त्यांना दिरानेच शिकवलं होतं, त्या दिवशी, बोट लावून.

"खुना जुळलेल्या न्हाईत की रं," मेजर म्हणाले.

मी काही बोलले नाही. या गप्प बसण्याची तयारी मी कितीतरी दिवस केली होती. दीर चाकांकडे बघत होता. दोनच वाटा होत्या त्याच्यापुढे. खुणा जुळलेल्या नाहीत म्हणजे टायमिंग चुकलं, हा त्याचा स्वतःचा न्याय. तो लावला तर चूक त्याची, रंग त्याचा. नाहीतर मग दुसरी वाट. ती त्याला एव्हाना ठाऊक झाली असावी. इतक्या वर्षांत किती इंजिनं उघडली असतील. ठाऊक झाली तेव्हा त्याला मी आठवले असेन. फोन मात्र केला नाही.

शेवटी तो मान वर न करता म्हणाला, "फिरवलं की जुळतील, मेजर. मधल्या गेरमुळं हुतं असं."

आत्या खुर्चीतून म्हणाल्या, "काय म्हनलास?"

तो पान्यावरचं कुंकू पुसत राहिला.

"पुन्यांदा बोल. ऐकू कमी येतंय मला."

आत्यांना सगळं ऐकू येतं. त्याने पुन्हा सांगितलं. आत्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हेच ही म्हनत हुती की तवा. आमी हासलो."

मी म्हणाले, "फिरवा, भावजी."

कामगार पुढे झाला, तर मी त्याला थांबवलं. मालकाचा हात, नियम आहे. नोझल सैल केले, म्हणजे दाब अडायला नको, आणि दीर पुलीच्या नटाला पाना लावून क्रँक फिरवायला लागला. हे पंखा फिरवण्यासारखं सोपं नसतं. पाना अर्धा फेरा जातो, काढायचा, परत लावायचा. खुणा शंभराच्या आसपास फेऱ्यांनी एकत्र येतात. ऊन वर आलं. पांढरा शर्ट पाठीला चिकटला. टायरवालाही येऊन उभा राहिला होता. त्याला मी खुर्ची द्यायला सांगितलं, नीट दिसावं म्हणून. मला चहा आला. त्या गॅरेजमध्ये मी कितीतरी वर्षं चहा आणून दिला होता, बसून प्यायले ते त्या दिवशी.

खुणा हळूहळू जवळ यायला लागल्या. शेवटचे फेरे मेजर मोठ्याने मोजत होते. खालची खूण मधल्या खुणेला भिडली. बरोबर नाकासमोर. लोक पुढे सरकले. वरची आली आणि थांबली. एक दात अलीकडे.

पांगलेल्या खुणा म्हणजे चूक नव्हे, हे सिद्ध झालं. म्हणजे माझी चूक नव्हती. आणि जिथे सगळ्या जुळायला हव्यात तिथे एक दात मागे, म्हणजे चूक होती, ती त्याची.

दीर म्हणाला की तिरके दात आहेत, आत ढकलताना घसरतं, कुणाचंही घसरेल. मी म्हणाले, "घसरतं. म्हणून तोंड मिटून ढकलायचं असतं."

मेजरनी मला विचारलं की एका दाताने एवढं होतं का. मी त्यांना कुकर सांगितला. शिट्टी उशिरा उचलली, वाफ आत राहिली, पिस्टन ती रेटत बसला. तुम्ही सायलेन्सर कापून घेतलात, दाब पाइपात नव्हताच. ते ऐकत होते, पण बघत दिराकडे होते. मग माझ्यासमोर हात जोडायला लागले. मी म्हणाले, इथे नको. जिथे जिथे बोललात तिथे जाऊन सांगा. आणि कोरेगावच्या त्या शेतकऱ्याचं गाव सांगितलं, ज्याने हेड पोत्यात भरून नेलं. मेजर गेले. एकेक गाव केलं त्यांनी. जतच्या त्या चालकालाही सांगितलं म्हणे. फौजी माणसाला हुकूम दिला की तो पाळतो.

नियमाप्रमाणे काम पुरं करून द्यायचं होतं. दिराने मधलं चाक काढलं, दात जुळवला, ढकलल्यावर दोनदा बघितलं. मी त्याच्या डोक्यावर उभी होते. झाकण लागलं, तेव्हा त्याने सवयीने हिरव्या पेंटचा डबा घेतला. मी तो त्याच्या हातातून काढून ठेवला, जसा त्याने एकदा माझ्या हातातला पाना घेतला होता. म्हणाले, राहू द्या, कुणीही उघडून बघितलं तरी मला चालेल.

इंजिन लागलं. ठोका स्वच्छ. धुराचं दार वेळेवर उघडत होतं. मी रिकामा ट्रेलर पाठीमागे जोडला आणि तो ट्रॅक्टर स्वतः चालवत सांगलीतून रहिमतपूरला आणला. ज्यावर तो चढवून नेला होता, तोच ओढत.

आता शेडपुढे ट्रॅक्टर उभे असतात. दिराचं गॅरेजही चालू आहे, त्याला काही झालं नाही, पण त्याच्याकडे कुणी झाकण उघडलं की गिऱ्हाईक विचारतं, फिरवून बघितलं का. हे मला टायरवाल्याकडून कळतं. त्याने त्याच्या ट्रॅक्टरचं इंजिन माझ्याकडे दिलंय.

आत्यांना वाटलं होतं की त्या दिवशी संपलं. माझ्याही मनात तसंच होतं. पण पुढचा दसरा आला आणि मी बघितलं, राग होता तिथेच आहे. म्हणून मी एक मोडकं इंजिन ट्रेलरवर चढवलं आणि पहाटे सांगली गाठली. त्याच्या पुढच्या वर्षीही. पहिलं इंजिन माझंच असतं. दीर नवा शर्ट घालून बाहेर येतो, पहिला नट स्वतःच्या हाताने खोलतो, लोक टाळ्या वाजवतात, आणि मी खुर्चीत बसून चहा पिते. या वर्षी आत्यांनी फोन करून सांगितलं, सोड की आता, हात भरून येतात त्याचे. मी म्हणाले, आत्या, मी गिऱ्हाईक आहे.

यंदाचं इंजिन गंजून पार जाम झालेलं आहे. मुद्दाम तसंच शोधलं.